शेहेचाळीसावा नंबर

पिंपळनेरजवळ, ता. साक्री
रविवार, २३ जून १९९६

प्रिय यमू,

तुला आणि हिलालरावांना नमस्कार, छोटीला पापा. मी बरी आहे. सासूबाईंच्या मांडीचं हाड अजून जुळलं नाही हे वाचलं. त्या वयात वेळ लागतोच. त्यांना सांभाळून तू धुळ्याहून इतकं मोठं पत्र लिहिलंस, म्हणून मीही आज रविवार बघून सविस्तर लिहायला बसले आहे.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. माझ्या घरमालकीण भागाबाई ते घेऊन थेट वर्गातच आल्या. "बाई, तुम्हनं पत्र उनं शे," म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. पत्र आलं म्हणजे काहीतरी झालं असं त्यांना वाटतं. मी सांगितलं, मैत्रिणीचं आहे, तिची धाकटी बहीण बारावी पास झाली. मग त्या गेल्या.

चित्राला बहात्तर टक्के पडले, फार छान झालं. मी नशिराबादला तुमच्याकडे यायची तेव्हा ती सातवीत होती. आपण अभ्यासाला बसलो की मधे येऊन बसायची आणि तू तिला उठवून लावायचीस. आता तिला डी.एड.ला जायचंय. बरं आहे. नोकरी लागते.

तू विचारलंस म्हणून सगळं क्रमाने लिहिते. दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, डॉक्टरांचा दाखला. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढायच्या आणि त्यांवर अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यायचा. शिक्का पुसट उठला तर तिथल्या तिथे दुसरा मारून घ्यायचा, लाजायचं नाही. मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या. दोन्ही पिशव्या तिच्याच हातात राहतील असं बघायचं. दुसऱ्या कोणाच्याही हातात नाही.

कॉलेजांचा क्रम तिने घरूनच कागदावर लिहून न्यावा. पहिलं जळगाव, कारण घरून एसटीने जाऊन-येऊन होईल. मग भुसावळ, मग अमळनेर. चोपडा शेवटी. चोपड्यात काही वाईट नाही, मी दोन वर्षं काढली, पण पाणी जड आहे आणि वसतिगृहात डास फार. प्रवेशाच्या दिवशी टेबलासमोर उभं राहिलं की विचार करायला वेळ मिळत नाही. समोर फळा असतो, त्यावर कॉलेजांची नावं आणि उरलेल्या जागा लिहिलेल्या असतात. एकेक जण जागा घेतो तसा आकडा पुसून कमी करतात. त्या फळ्याकडे तिने फार बघत बसू नये. हात-पाय गार पडतात.

आणखी एक. नंबर पुकारतात त्या हॉलमध्ये एकदा बसली की उठायचं नाही. सकाळी पाणी बेताने प्यायचं. कोणी बाहेरून बोलावलं तरी जायचं नाही. एखादा कागद राहिला असला तरी नाही, कागद मागाहून देता येतो. नंबर गेला की गेला. हे तिला माझं नाव घेऊन सांग. दोनदा सांग.

जरा जास्तच लिहिलं वाटतं. असू दे.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. पहिली ते चौथी मिळून आम्ही दोघं, मी आणि झुलाल गुरुजी. माझ्याकडे पहिली-दुसरी. पट एकेचाळीस, येतात पंचवीस-सव्वीस. डोंगराकडच्या पाड्यांवरची पोरं पाऊस लागला की येत नाहीत. दिवस जातो. संध्याकाळी स्वयंपाक करते, जेवते, वह्या तपासते. मला इथे करमतं का असं तू दर पत्रात विचारतेस. करमत नाही असं काही नाही.

तुझे आबा कसे आहेत? तू त्यांचं काही लिहिलं नाहीस.

तुझी,
कुंदा

---

पिंपळनेर
रविवार, ७ जुलै १९९६

प्रिय यमू,

तुझं दुसरं पत्र मिळालं. यादीत चित्राचा नंबर एकतीसावा आला आणि १८ तारखेला जळगावला बोलावलंय, हे कळलं. एकतीस म्हणजे चिंता नाही. जळगावच मिळेल.

तू लिहितेस की तिच्याबरोबर मीच जावं. तुला सासूबाईंना सोडून निघता येत नाही, तुझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही, आणि आबा कुठल्याही ऑफिसच्या दारात पाय ठेवायला तयार नाहीत.

खरं सांगते, पत्र वाचल्यावर मी आधी नाही म्हणायचं ठरवलं. कारणंही काढून ठेवली. जुलैत रजा मिळत नाही. केंद्रप्रमुख कधीही भेटीला येतात. झुलाल गुरुजींची बायको आजारी असल्याने त्यांच्याच दांड्या होतात आणि शाळा माझ्यावर असते. ही सगळी कारणं खरी आहेत. उत्तरात हेच लिहायचं म्हणून कार्डही आणलं. ते चार दिवस तसंच पडून राहिलं.

आबांबद्दल तू जे लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. म्हणजे त्यांनी मनाला लावून घेतलंय हे माहीत होतं. पण पाच वर्षांत ते पोस्टातसुद्धा गेले नाहीत, शेताचा उतारा काढायला तलाठ्याकडे शेजाऱ्याच्या पोराला पाठवतात, चित्राचा फॉर्म घरात आला तेव्हा उठून गोठ्यात जाऊन बसले, हे कधी लिहिलं नव्हतंस. तुझ्या लग्नाच्या वेळी मांडवात ते सगळ्यांशी बोलत होते. मी पाहिलं होतं. मला वाटलं, झालं.

तू पुढे लिहिलंस, "त्या दिवशी तू माझ्यासाठी हॉल सोडून बाहेर धावलीस, तशी आता चित्रासाठी ये." ते वाक्य मी वाचलं.

आमच्याकडे या आठवड्यात पाटीपूजन झालं. गावच्या सरपंचबाई, प्रमिलाबाई म्हणून आहेत, त्यांनी पोरांना पाट्या वाटल्या. एक पोरगी पाटी डोक्यावर धरून घरी गेली. सगळे हसले. मीही हसले असेन.

तुझ्या ओट्यावर शेजारची पोरं बाराखडी शिकायला येतात, आता नऊ झाली, हे तू कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतंस. नऊच्या नऊ वाचायला लागली म्हणे. माझ्या वर्गातली दुसरीची अर्धी पोरं अजून वाचत नाहीत. तू कसं शिकवतेस ते मला लिहून पाठव. तुला ते आधीपासून यायचं.

मी १८ ला येते. रजेचा अर्ज दिला आहे. बुधवारी दुपारी निघून जळगावात मेहरूणला आईकडे उतरेन आणि गुरुवारी सकाळी नऊला, जिथे प्रवेश देतात त्या शाळेच्या गेटजवळ उभी राहीन. चित्राला तिथेच यायला सांग.

कुंदा

---

पिंपळनेर
रविवार, २१ जुलै १९९६

यमू,

चित्राला जळगाव मिळालं. हे तुला तिच्या पत्रातून किंवा शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलंच असेल. तरी जसं झालं तसं सांगते, कारण त्याच्या मागोमाग मला जे लिहायचंय ते त्याच्याशिवाय लिहिता येणार नाही.

हॉल तोच होता. पाच वर्षांत भिंतींना रंग दिलाय, बाकी तसंच. मी पावणेनऊला पोचले. चित्रा आली तेव्हा आबा तिच्याबरोबर होते. तू म्हणाली होतीस ते येणार नाहीत, पण बसने तिच्याबरोबर जळगावपर्यंत आले होते. फक्त रस्ता ओलांडला नाही. समोरच्या बाजूला, सायकलच्या दुकानापाशी लिंबाखाली उभे राहिले. मी तिकडे जाऊन पाया पडले. वाळलेत ते.

मी म्हटलं, "आबा, गेटपर्यंत तरी चला. तिथे सावली आहे."

"नही पोरी. मी अठीच बरा," म्हणाले. "तू ने तिले. आन माह्या हातात एकबी कागद देऊ नको. मागच्या खेपेले मी झेरॉक्सले गेलो नसतो, तं माही यमी आज मास्तरीण राह्यती."

चित्राने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने हे खूपदा ऐकलं असणार.

आम्ही आत गेलो. यंदा मुलीबरोबर एका पालकाला सोडत होते. दहाला नंबर पुकारायला सुरुवात झाली. चित्रा एकदाही उठली नाही. मला म्हणाली, "कुंदाताई, तुम्ही इतकं ताकीद देऊन लिहिलं होतं की मी सकाळपासून चहापण घेतला नाही." तिचा नंबर आला. तिने जळगाव म्हणून सांगितलं. साहेबांनी शिक्का मारला, पोऱ्याने फळ्यावरचा आकडा पुसून कमी केला. सव्वाअकरा वाजले होते. मला काही वाटलं नाही. आनंद वाटायला हवा होता म्हणून मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेर आलो तर आबा तिथेच उभे. चित्राने रस्त्याच्या अलीकडूनच ओरडून सांगितलं. आबा खाली बसले, धुळीतच. टोपी काढून मांडीवर ठेवली. आम्ही जवळ गेल्यावर उठले आणि त्यांनी मला हात जोडले. यमू, तुझ्या वडिलांनी मला हात जोडले. म्हणाले, "तू व्हतीस म्हनून झालं. मागच्या टायमालेबी तूच धावली व्हतीस. माह्यामुळं तुही मेहनत वाया गेली."

मी म्हटलं, "आबा, तसं काही नाही."

त्यांना वाटलं मी मोठेपणा घेत नाही. चित्रा हसली. मग त्यांनी आम्हाला रसवंतीत नेऊन रस पाजला. मी तो प्यायले.

आता तसं काही नाही म्हणजे काय ते लिहिते.

सन १९९१. तुझा नंबर शेहेचाळीस, माझा सत्तेचाळीस. एका टक्क्याचाही फरक नव्हता, तुला दोन मार्क जास्त होते. पालकांना आत सोडत नव्हते. तू माझ्या उजवीकडे बसली होतीस. चव्वेचाळीसावी मुलगी टेबलाकडे गेली तेव्हा तू पिशवी चाचपलीस आणि तुझ्या लक्षात आलं की रहिवासी दाखल्याची मूळ प्रत आबांकडे राहिली. "आलेच. गेटवरच आहेत ते," म्हणालीस. मी म्हणाले, "जा, मी आहे." हे मी म्हणाले. तुला आठवत असेल.

आबा गेटवर नव्हते, कारण एखादी प्रत जास्त असावी म्हणून ते झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. एवढंच त्यांचं झालं. दहा मिनिटं.

पंचेचाळीसावीने अमळनेरची शेवटची जागा घेतली. फळ्यावर मुलींसाठी एकच जागा उरली, चोपड्याची. मग साहेबांनी शेहेचाळीस म्हणून तुझं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. ते माणूस चांगले होते. त्यांनी चष्मा काढून सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "या मुलीला कोणी ओळखतं का? बाहेर गेली असेल तर बोलावून आणा. दोन मिनिटं थांबतो मी."

हे तुला कोणी सांगितलेलं नाही. नियमाप्रमाणे तीनदा पुकारलं आणि पुढे गेले, एवढंच तुला माहीत आहे. ते थांबले होते, यमू. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी त्या घड्याळाकडे बघत बसले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर तुझी ओढणी होती, जागा धरायला ठेवलेली. ती मी उचलून माझ्या मांडीवर घेतली. कोणाला दिसू नये म्हणून घेतली. हे मला कळत होतं. गोंधळले, घाबरले असं काही नव्हतं. नंतर मी स्वतःलाही तसं सांगून पाहिलं.

दोन मिनिटं झाली. त्यांनी सत्तेचाळीस पुकारलं. मी उठून गेले.

तू धावत आलीस तेव्हा मी दारात होते. तुझ्या हातात आबांकडून दुकानातून आणलेला दाखला होता. तू काही विचारायच्या आत मी बोलले, "अगं, मी तुला शोधायला बाहेर गेले होते, गर्दीत दिसलीच नाहीस." मी कुठेही गेले नव्हते. तू आत जाऊन साहेबांना विनवलंस, त्यांनी प्रतीक्षा यादीत नाव लिहून घेतलं, आणि ती यादी पुढे उघडलीच नाही. मग बाहेर येऊन तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "दोघींपैकी एकीला तरी मिळालं ना." आबा तेवढ्यात झेरॉक्स घेऊन तुझ्यामागून आले. तू त्यांच्याकडे बघून रडलीस. तिथूनच त्यांनी ते स्वतःवर घेतलं. मी शेजारी उभी होते.

का केलं ते तू विचारशील. घरी दादांनी ठरवलं होतं की जागा मिळाली नाही तर मार्गशीर्षात माझं लग्न उरकायचं. स्थळ आलेलं होतं. पण हे कारण मी नंतर पुढे केलं. त्या दोन मिनिटांत मला स्थळ आठवलं नव्हतं. काहीच आठवलं नव्हतं. आणि लग्न म्हणशील तर ते सात महिन्यांनी तुझं झालं. मी अक्षता टाकायला आले होते.

मला शिक्षिका व्हायचंही नव्हतं. तुला व्हायचं होतं. मी चोपड्याला दोन वर्षं काढली, निवड झाली, इथे आले. कोणी काही विचारलं नाही. तेव्हापासून माझं काही दुखत नाही आणि काही गोडही लागत नाही. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. दर पत्रात करमतं का विचारतेस त्याचं हे उत्तर आहे.

रोज सकाळी हजेरी घेते. नाव पुकारलं आणि ते पोर नसलं, तर दुसरं लगेच उठून सांगतं, "बाई, तो ढोरे चाराले गया," नाहीतर "बाई, तो येई राहिना, नदीपाशी शे." मी थांबते, पोर येतं, मी खूण करते. पहिलीतली पोरं आहेत. त्यांना हे कोणी शिकवलेलं नाही. तीन वर्षं हे रोज ऐकतेय आणि रोज पुढचं नाव घेते.

हे तुला आधीच सांगता आलं असतं. तुझ्या लग्नात, तुझ्या बाळंतपणात, तू पत्रांतून माझे आभार मानत होतीस त्या प्रत्येक वेळी. मी सांगितलं नाही, कारण तू मला चांगली समजत होतीस आणि ते मला हवं होतं. गुरुवारी आबांनी हात जोडले नसते तर कदाचित आताही लिहिलं नसतं. माझ्यात काही सुधारणा झाली असं समजू नकोस.

पुढच्या रविवारी, २८ तारखेला, मी नशिराबादला जाणार आहे. आबांना हे सगळं सांगणार आहे, तुझ्या आईसमोर आणि चित्रासमोर. झेरॉक्सच्या दुकानात जाण्याने काही बिघडलं नव्हतं, साहेब थांबले होते, बोलणारी बोलली नाही. हे त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं. त्यानंतर ते मला ओट्यावर उभी करतात की नाही, ती त्यांची मर्जी. चित्राचं पुढे काय लागेल-सवरेल त्यासाठी मी आहेच, पण तिला माझी मदत नको वाटली तर तेही बरोबर.

तुला आधी लिहायचं होतं. तुला हे त्यांच्याकडून कळू नये.

माफ कर असं एकदा लिहिलं होतं. तो कागद फाडला आणि हा घेतला. माफी मागितली की तुझ्यावर काहीतरी द्यायची जबाबदारी येते, आणि तुझ्याकडून मी जे घ्यायचं ते आधीच घेतलं आहे.

हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. लगेच उत्तर टाकलंस तर शनिवारी माझ्या हातात पडेल. नशिराबादला जाऊ नकोस असं त्यात लिहिलंस तरी मी जाईन, हे आताच सांगून ठेवते. तेवढ्या एका बाबतीत तुझं ऐकणार नाही. बाकी सगळ्यात तू म्हणशील ते.

कुंदा